कुंपणावरची पिवळी पाटी आणि तुमच्या कॉमेंट्स

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीचा व्हिडिओ टाकला आणि सूर्यास्त राहिला बाजूला, सगळ्यांना दिसली ती माझ्यामागची कुंपणावरची पिवळी पाटी. "ताई, तो रेडिएशनचा पंखा कसला?" "ताई, तुम्ही ठीक आहात ना?" एकाने तर थेट "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून टाकलंय. आहे हो मी अजून. केससुद्धा आहेत.

भराभर सांगते. यूटात मेक्सिकन हॅट नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ, नावाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या भूमीवर, १९५७ ते १९६५ युरेनियमची गिरणी चालली. खनिज दळायचं, युरेनियम काढून घ्यायचं, उरलेला रेतीसारखा चोथा बाहेर टाकायचा. त्याला म्हणतात टेलिंग्ज. युरेनियम निघालं तरी खनिजातली साधारण ८५ टक्के किरणोत्सारिता चोथ्यातच राहते, कारण थोरियम आणि रेडियम तिथेच असतं. १९७८ साली साफसफाईचा कायदा झाला आणि १९९५पर्यंत तो ढीग मातीच्या जाड थराखाली गेला, वर दगड पसरले. झालं क्लीन-अप. माझ्यामागची पाटी त्याच ढिगाच्या कुंपणावरची.

आता इथेच गाडी अडते. क्लीन-अप म्हटलं की तुम्हाला वाटतं, माल नेऊन कुठेतरी नष्ट केला. नष्ट नाही केला हो. तो तिथेच आहे, झाकलाय फक्त.

बरं, ते झाकण करतं काय? किरणं अडवायला दोन-तीन फूट माती बरीच पुरते. खरी कटकट रेडॉनची. रेडियममधून हा वायू सतत सुटतो, ना रंग ना वास. आणि माती त्याला अडवत नाही, उशीर करते. हे वाक्य मी तीनदा म्हणणार आहे, कारण मागच्या वेळी एकदाच म्हटलं तर तीस जणांनी "मग शिशाचं झाकण का नाही?" विचारलं.

असं बघा. कोल्हापूरहून दुधाचा टँकर मुंबईला निघाला, घाटात चार दिवस अडकला. दूध पोचलं का? पोचलं, पण दूध म्हणून नाही. रेडॉनचं तसंच. ३.८ दिवसांत तो निम्मा होतो, ३८ दिवसांत हजारातला एखादा भाग उरतो. मातीच्या बारीक छिद्रांतून वर येता येताच तो संपतो, आणि त्यातून जे तयार होतं ते घन असतं, तिथेच मातीला चिकटून बसतं.

आता तिसऱ्यांदा, शिसंवाल्या दादांसाठी. शिसं घाला नाहीतर काँक्रीट ओता, भेग पडली की वायू त्या भेगेतून सरळ वर. तिथे उशीरच होत नाही. म्हणून दाबलेली, ओलसर चिकणमाती लागते. पाण्यातून रेडॉन हवेपेक्षा हजारो पटींनी सावकाश सरकतो, म्हणून तो ओलावा महत्त्वाचा. माझं माहेर परभणीकडचं. एप्रिलात आमच्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे माती सुकली तर काय होईल ते कळेल. वर मुळं आहेतच. पेनसिल्व्हेनियात बरेल इथल्या अशाच ढिगावर जपानी नॉटवीड उगवलं आणि मुळं थेट त्या थरात घुसली. एका तणाने इंजिनिअरांना कामाला लावलं!

आणि हे सांभाळायचं किती वर्षं? नियम म्हणतो, जमल्यास १००० वर्षं, निदान २०० तरी. रेडियम ज्यातून तयार होतं त्या थोरियमचं अर्धायुष्य साधारण ७५ हजार वर्षं. हा हिशोब मला आजही पचत नाही, आणि रेडिएशन मोजणं हे माझं रोजचं काम आहे.

पाण्याचं तर वेगळंच. न्यू मेक्सिकोत शिपरॉकला असाच ढीग झाकला, पण तळाला अस्तरच नाही. खालचं दूषित पाणी उपसून तळ्यात वाळवत बसावं लागलं. वरून कितीही छान झाकलंत तरी बूड उघडंच!

बरं, माझं काय झालं? मीटर काढला, कुंपणाशी धरला. टिक... टिक... टिक. तासाला ०.१४, ०.१६ मायक्रोसिव्हर्ट. डेन्व्हरला माझ्या बाल्कनीतही जवळपास एवढंच दिसतं. तिथली उंची, शिवाय पायाखालचा ग्रॅनाइट. आणि "मोबाईलच्या अ‍ॅपवर जास्त दाखवतं" म्हणणाऱ्यांनो, ते अ‍ॅप कॅमेऱ्यावर धरलेल्या तुमच्या अंगठ्याचा फोटो मोजतंय.

घाबरायचंच तर तो चोथा घरात येण्याला घाबरा. कोलोरॅडोत ग्रँड जंक्शनला लोकांनी ही रेती फुकट मिळते म्हणून घरांच्या पायात, फरशीखाली भरली. पुढे चार हजारांहून जास्त जागा उकरून ती काढावी लागली. उघड्यावर रेडॉन वाऱ्याबरोबर पांगतो. बंद खोलीत साठतो आणि फुप्फुसात जातो. नावाहो भागात तर पाचशेहून जास्त सोडून दिलेल्या खाणी आहेत, आणि तिथलेच दगड लावून बांधलेली घरंही होती.

म्हणून ज्या ताईंनी लिहिलंय, "आम्ही जुन्या खाणीजवळून छान पिवळा खडा आणला, देवघराशेजारच्या काचेच्या कपाटात ठेवलाय", त्यांना: ताई, आधी तो तिथून हलवा. फोडू नका, घासू नका, मुलांच्या हातात देऊ नका. पिशवीत घालून राहत्या खोलीबाहेर ठेवा आणि तुमच्या राज्याच्या रेडिएशन कार्यालयाला फोन करा. मला फोटो पाठवा. खडा नको. मागे एकाने खरंच पोस्टाने पाठवला होता.