पळसाला पाने तीन

भाद्रपद सरत आला की अजिंठ्याच्या डोंगररांगेतील पायवाटा कमरेएवढ्या गवतात बुजून जातात. सोयगाव तालुक्यातील फर्दापूरच्या शिवारातून अशाच एका वाटेने निघालो, तेव्हा सोबत वही आणि पेन्सिल एवढेच होते, आणि पहिला मुक्काम पडला तो पळसाखाली.

कोठेही गेले तरी परिस्थिती सारखीच, हे सांगण्यासाठी आपण ‘पळसाला पाने तीन’ म्हणतो. चित्र काढायला बसल्यावर मात्र ही तीन पाने एकमेकांसारखी नाहीत, हे ध्यानात येते. मधले पान शिरेच्या दोन्ही अंगांना सारखे भरते. बाजूची दोन्ही पाने देठापाशी तिरपी असतात आणि त्यांची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा रुंद असते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तर ती तीन पाने नव्हेतच, एकाच संयुक्त पानाच्या त्या तीन पर्णिका होत. पत्रावळी लावणाऱ्या हातांना हा तिरपेपणा पुस्तकाशिवायच ठाऊक असणार.

येथून जवळच, वाघूर नदीच्या वळणावरील लेण्यांत, पाचव्या शतकातील चित्रकारांनी छतांवर कमळे, वेली आणि पाने रंगवली. तेथे कुंचला होता, त्यामुळे पानाचे वळण हात नेईल तसे वळले.

गोदाकाठच्या पैठणला मागावर ही मोकळीक नाही. उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांना काटकोनातच छेदणार, म्हणून पैठणीवरील आसावलीच्या वेलीचे पान जवळून पाहिले तर त्याची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. विणकर धागे मोजतो, पानाचा रंग जेथे संपतो तेथे त्याचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि मगच पुढची ओळ घेतो. वक्र रेषेचा भास त्या मोजणीतून येतो. मला तर कुंचल्यापेक्षा हेच अधिक अवघड वाटते.

म्हणून वहीच्या दुसऱ्या पानावर चौकटी आखून पळसाचे बाजूचे पान त्यांत बसवून पाहिले. दहा चौकटींत त्याचा तिरपेपणा हरवला आणि ते मधल्या पानासारखेच दिसू लागले. वीस चौकटी घेतल्या, तेव्हा कोठे ते कलते झाले.

परतीच्या वाटेवर सागाचे कोवळे पान बोटांत चुरडले, तर बोटे लाल झाली. त्याच बोटांनी वही उघडली गेली. चौकटींतल्या पळसाशेजारी अंगठ्याचा तो तांबडा ठसा अजून आहे.