हे कुलूप नेमके कोणाचे? लिनक्स कर्नलमधले फाइल लॉकिंग

[पडद्यावर: दोन वजनपावत्या, दोन्हींवर एकच क्रमांक]

नमस्कार. पडद्यावर दिसणाऱ्या या दोन पावत्या धुळ्याकडच्या एका जिनिंगमधल्या वजनकाट्याच्या आहेत. नावे आणि वजने मी झाकली आहेत, क्रमांक मात्र झाकलेले नाहीत, आणि ते दोन्हींवर सारखेच आहेत. कापसाचा हंगाम भरात होता, गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती, आणि काट्यावरचे दोघे जण दोन टर्मिनलांवरून एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या माझ्या प्रोग्रॅममधून पावत्या काढत होते. हिशेब करताना मुकादमाने दोन्ही कागद माझ्यापुढे धरले आणि अहिराणीत विचारले, ‘हाई पावती कोनी शे?’ त्या वेळी मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. आज मला वाटते की मुकादमाने नेमका तोच प्रश्न विचारला होता ज्याभोवती लिनक्समधल्या फाइल लॉकिंगची तीस वर्षे फिरली आहेत. फरक इतकाच, की तिथे प्रश्न पावतीचा नसून लॉकचा आहे: हे लॉक कोणाचे?

माझ्या प्रोग्रॅममध्ये लॉक नव्हते असे नाही. पावत्यांची फाइल उघडल्याबरोबर तो ती पूर्ण लॉक करत असे, शेवटचा क्रमांक वाचत असे, त्यात एक मिळवून नवी नोंद लिहीत असे आणि मगच लॉक सोडत असे. तरीही दोन पावत्यांवर एकच क्रमांक पडला. तो कसा पडला हे समजण्यासाठी आधी लॉक म्हणजे काय, हे प्रत्यक्ष पाहू.

[पडद्यावर: दोन टर्मिनल शेजारी शेजारी]

डावीकडच्या टर्मिनलमध्ये मी ‘फ्लॉक’ ही कमांड वापरून एक फाइल लॉक करतो आणि दहा मिनिटे तशीच धरून ठेवतो. उजवीकडे त्याच फाइलवर पुन्हा ‘फ्लॉक’ चालवले की ती कमांड थांबून राहते. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे आहे. आता उजवीकडची कमांड मी रद्द करतो आणि लॉक न मागता सरळ ‘एको’ने त्या फाइलच्या शेवटी एक ओळ लिहितो. ती लिहिली गेली. कोणी अडवले नाही, कोणती चूकही दाखवली नाही.

याला ॲडव्हायजरी लॉक म्हणतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लॉकची नोंद ठेवतो, लॉक मागणाऱ्याला रांगेत उभे करतो, पण जो लॉक मागतच नाही त्याला तो काहीही बोलत नाही. आपल्याकडे पांझरेच्या काठी जी फड पद्धत आहे, तिच्यात पाटाचे पाणी ठरलेल्या पाळीने फिरते आणि पाटकरी ते पाहतो. पाटाला कुलूप नसते. पाळी सगळ्यांनी मानली आहे म्हणून ती चालते, आणि एखाद्याने रात्री फावडे घेऊन पाट फोडायचे ठरवलेच तर पाळीचा नियम त्याच्या आड येत नाही.

त्या लॉकची नोंद कर्नल ‘प्रॉक’ या डिरेक्टरीतल्या ‘लॉक्स’ नावाच्या फाइलमध्ये दाखवतो. ती उघडली की एक ओळ दिसते: लॉकचा प्रकार फ्लॉक, मग ॲडव्हायजरी, मग राइट, मग लॉक धरणाऱ्या प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमचा, क्रमांक, नंतर डिव्हाइस व आयनोड, म्हणजे डिस्क आणि तिच्यावरची त्या फाइलची ओळख, आणि शेवटी शून्यापासून फाइलच्या अखेरीपर्यंतचा पल्ला. यातला प्रोसेसचा क्रमांक असलेला रकाना लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडेच परत येणार आहोत.

आता माझ्या चुकीकडे वळतो. मी वापरलेले लॉक फ्लॉक नव्हते, ‘एफसीएनटीएल’ या सिस्टीम कॉलमधून, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागण्याच्या एका वाटेने, मिळणारे होते. युनिक्ससारख्या सिस्टीमांसाठीच्या १९८८ च्या पॉझिक्स मानकात असलेले हे लॉक फाइलच्या हव्या तेवढ्याच बाइटांवर घेता येते, आणि म्हणूनच डेटाबेस लिहिणाऱ्यांना ते सोयीचे वाटते. त्याची मालकी मात्र प्रोसेसकडे असते. कर्नलच्या दृष्टीने मालक म्हणजे ती संपूर्ण प्रोसेस. फाइल तुम्ही कितीदा उघडलीत, कोणत्या डिस्क्रिप्टरवरून (फाइल उघडल्यावर प्रोग्रॅमला मिळणाऱ्या क्रमांकावरून) लॉक घेतले, कोणत्या थ्रेडने (प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्याने) घेतले, याला तिथे किंमत नाही. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा, की एकाच प्रोसेसमधल्या दोन थ्रेडनी तेच लॉक मागितले तर दोघांनाही ते मिळते, कारण मालक एकच आहे आणि स्वतःच्याच लॉकने कोणी अडत नाही. दुसरा परिणाम अधिक घातक आहे: प्रोसेसने त्या फाइलचा कोणताही एक डिस्क्रिप्टर बंद केला की त्या फाइलवरची त्या प्रोसेसची सगळी लॉके सुटतात, मग ती दुसऱ्याच डिस्क्रिप्टरवरून का घेतलेली असेनात.

जिनिंगमध्ये नेमके हेच घडले. आदल्या आठवड्यात मी प्रोग्रॅममध्ये एक लहानसे फंक्शन घातले होते. पडद्याच्या कोपऱ्यात आजची शेवटची पावती दिसावी म्हणून ते फंक्शन तीच फाइल पुन्हा उघडत असे, शेवटची ओळ वाचत असे आणि एखाद्या शहाण्या मुलासारखे फाइल बंद करून टाकत असे. ते बंद करणे लॉक घेतल्यानंतर आणि नवी नोंद लिहिण्याआधी होत होते. त्या क्षणी लॉक सुटत होते, दुसऱ्या टर्मिनलवरच्या प्रोसेसला ते मिळत होते, आणि तीही तोच शेवटचा क्रमांक वाचत होती. काट्यावर गर्दी नसली की काही बिघडत नसे. गर्दी झाली की बिघडत असे. मी स्वतः लिहिलेल्या फंक्शनची ही गत असेल, तर तुमच्या नकळत एखादी लायब्ररी आतल्या आत फाइल उघडून बंद करत असेल तिथे काय होईल, याची कल्पना करा.

हा नियम वाईट आहे हे सगळ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एसक्यूलाइट हा डेटाबेस त्यावर जो उपाय करतो तो पाहण्यासारखा आहे: एका प्रोसेसमध्ये कोणती फाइल किती वेळा उघडली आहे याची यादी तो स्वतःच आयनोडनुसार ठेवतो, आणि लॉक चालू असताना एखादा डिस्क्रिप्टर बंद करायची वेळ आली तर तो तत्काळ बंद न करता बाजूला ठेवून देतो. कर्नलने जे हिशेबात धरायला हवे होते ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने धरायचे, असा हा प्रकार आहे.

फ्लॉकमध्ये ही अडचण नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमधून आलेल्या या लॉकची मालकी ‘ओपन फाइल डिस्क्रिप्शन’कडे असते, म्हणजे फाइल एकदा उघडल्यावर कर्नलमध्ये जी एक नोंद तयार होते तिच्याकडे. तीच फाइल दुसऱ्यांदा उघडली तर दुसरी नोंद, म्हणजे दुसरा मालक. पण फ्लॉक नेहमी संपूर्ण फाइलवर लागते. बाइटांचा पल्ला त्यात सांगता येत नाही. शिवाय लिनक्समध्ये स्थानिक डिस्कवर फ्लॉक आणि पॉझिक्स लॉक एकमेकांना ओळखतच नाहीत, तर कर्नलच्या २.६.१२ या आवृत्तीपासून एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या फाइल सिस्टीमवर, मात्र फ्लॉकचे रूपांतर संपूर्ण फाइलवरच्या पॉझिक्स धर्तीच्या लॉकमध्ये होते. तोच प्रोग्रॅम डिस्कवर एक वागतो आणि नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये दुसरे, आणि माझ्या मते नवशिक्याला रडवायला एवढे पुरे आहे.

मग पॉझिक्स लॉकचा नियमच का बदलला नाही? कारण कर्नलच्या बाहेर दिसणारे वर्तन मोडायचे नाही, हा लिनक्समधला सर्वांत कडक दंडक आहे. जगात कुठेतरी एखादा प्रोग्रॅम त्या वाईट नियमावरच विसंबून असेल, तर तो चालू राहिला पाहिजे. म्हणून कर्नलमधल्या फाइल लॉकिंगचे काम पाहणाऱ्या जेफ लेटन यांनी जुने लॉक तसेच ठेवून शेजारी नवे आणले. जून २०१४ मध्ये आलेल्या ३.१५ या आवृत्तीत ‘ओएफडी’, म्हणजे ‘ओपन फाइल डिस्क्रिप्शन’ लॉक दाखल झाले: बाइटांचा पल्ला पॉझिक्सचा, मालकी फ्लॉकची. सिस्टीम कॉल तोच, फक्त त्याला द्यायची कमांड वेगळी. विकासाच्या काळात त्याला ‘फाइल-प्रायव्हेट’ म्हणत असत. प्रकाशनाआधी नाव बदलले, आणि ते बरे झाले, कारण नव्या नावातच मालक कोण हे सांगितलेले आहे. पुढे २०२४ च्या पॉझिक्स मानकानेही ते स्वीकारले. एक उणीव सांगायला हवी: दोघे एकमेकांच्या लॉकची वाट पाहत अडकले तर पॉझिक्स लॉकमध्ये कर्नल ते ओळखून चूक परत देतो, ओएफडीमध्ये ती तपासणी होत नाही.

बाहेरचे वर्तन मोडायचे नाही म्हटले, पण एक गोष्ट काढून टाकली गेली, आणि ती माझ्या मते योग्यच होती. मघाशी उजवीकडच्या टर्मिनलमधून ओळ सरळ लिहिली गेली, ती अडवणारे ‘मँडेटरी लॉक’ लिनक्समध्ये पूर्वी होते. त्यासाठी फाइल सिस्टीम ‘मँड’ या पर्यायासह माउंट करावी, म्हणजे जोडावी लागे, आणि फाइलच्या परवानग्यांमधला सेट-जीआयडी बिट चालू पण गटाची एक्झिक्यूट परवानगी बंद, अशी एरवी निरर्थक ठरणारी जोडी लावावी लागे. इतके करूनही ते भरवशाचे नव्हते: कर्नल लिहिण्याआधी लॉक तपासत असे, पण तपासणे आणि प्रत्यक्ष लिहिणे यांच्या मधल्या फटीत दुसरा कोणी लॉक घेऊ शकत असे. २०१६ च्या ४.५ मध्ये ते कर्नल बांधताना वगळता येईल असे केले, आणि वापरणारे जवळजवळ कोणी उरले नाही हे दिसल्यावर ऑक्टोबर २०२१ च्या ५.१५ मध्ये ते काढून टाकले. आता ‘मँड’ लिहून माउंट केले तर कर्नल एक इशारा छापतो आणि पुढे जातो.

कर्नलच्या आत, म्हणजे फाइल सिस्टीम लिहिणाऱ्यांसाठी असलेल्या इंटरफेसमध्ये, असा कोणताच दंडक नाही, आणि तिथली उलथापालथ मोठी आहे. एकेकाळी सगळ्या लॉकांचे काम ‘बिग कर्नल लॉक’ या एकाच मोठ्या कुलपाखाली चाले; ते कुलूप मे २०११ च्या २.६.३९ मध्ये कर्नलमधून पूर्णपणे गेले. २०१३ च्या ३.११ मध्ये लॉकांच्या याद्या त्या त्या आयनोडच्या स्वतःच्या लॉकने राखल्या जाऊ लागल्या, म्हणजे एका फाइलवरची गर्दी दुसऱ्या फाइलला अडवेनाशी झाली. एप्रिल २०१५ च्या ४.० पर्यंत फ्लॉक, पॉझिक्स आणि लीज ही तिन्ही एकाच यादीत ओवलेली असत. त्यानंतर तिघांना वेगळ्या याद्या मिळाल्या. तरी तिघांची माहिती ठेवणारी रचना एकच राहिली होती, आणि लीज ही तर मुळात वेगळीच वस्तू आहे: फाइलला दुसरा कोणी हात लावायला आला तर आधी मला कळवा, असे साम्बासारख्या, विंडोजच्या संगणकांना फाइली पुरवणाऱ्या, सर्व्हरने कर्नलकडून घेतलेले आश्वासन. मे २०२४ च्या ६.९ मध्ये लेटन यांनी ती रचनाही फोडली. सामाईक भाग एका गाभ्यात गेला, आणि लॉक व लीज यांना आपापली घरे मिळाली. कर्नलच्या मुख्य झाडाबाहेर फाइल सिस्टीम सांभाळणाऱ्याला अशा प्रत्येक वेळी स्वतःचा कोड दुरुस्त करावा लागतो. कर्नलच्या दस्तऐवजांत ‘पोर्टिंग’ नावाची एक फाइल आहे, तिच्यात असे बदल ‘सक्तीचे’ किंवा ‘शिफारस केलेले’ असे शेरे मारून नोंदवलेले असतात, आणि ती वाचताना त्यांची तक्रार खोटी वाटत नाही.

[पडद्यावर: जिनिंगचा प्रोग्रॅम]

माझी दुरुस्ती चार ओळींची होती. कोडच्या फाइलच्या सुरुवातीला ओएफडीच्या कमांडा वापरता याव्यात म्हणून ‘ग्नू सोर्स’चा मॅक्रो घातला, लॉकची कमांड बदलून ओएफडीची केली, कॉलला लॉकची माहिती देणाऱ्या रचनेतला प्रोसेस क्रमांकाचा रकाना शून्य केला, कारण ओएफडी लॉक तो शून्यच मागते, आणि सोडतानाची कमांडही तशीच बदलली. कोपऱ्यात शेवटची पावती दाखवणारे ते फंक्शन मुद्दाम तसेच ठेवले आहे. आता प्रोग्रॅम चालवतो, ते फंक्शन फाइल उघडून बंद करते, आणि मी ‘लॉक्स’ची फाइल पुन्हा वाचतो. लॉक जागेवर आहे, आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या रकान्यात, जिथे प्रोसेसचा क्रमांक असायचा, तिथे कर्नलने उणे एक लिहिले आहे.