पुडीवर हंगामाचं साल हवं

[दृश्य : सांगली, विश्रामबाग. स्वयंपाकघराचा ओटा. पांढऱ्या बशीत दोन ढीग.]

डावीकडचा ढीग हिरवागार आहे. उजवीकडचा तपकिरी पडलाय. दोन्हीकडे बिअरमध्ये घालायच्या हॉपच्याच गोळ्या, जातही एकच, कॅस्केड. डावीकडची गोळी बोटांत चुरली की पपनसाच्या सालीचा वास येतो. उजवीकडची चुरली की जुन्या चीजचा, घामेजलेल्या मोज्यांचा. हॉपमधली कडू आम्लं हवेतल्या ऑक्सिजननं तुटत गेली की आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं. तो वास त्याचा.

जातीचं नाव दोन्ही पुड्यांवर छापलंय. हंगामाचं साल मात्र एकीवरच आहे.

[दृश्य : सुकं बोंड ब्लेडनं उभं कापलं जातंय. अगदी जवळून.]

हॉप हा भांगेच्या कुळातला वेल. बिअरला लागतं ते मादी वेलाचं हे बोंड. पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी पूड दिसतेय, ती ल्युप्युलिन. कडवटपणा तिच्यात, सुगंधही तिच्यातच. वेलावरून काढलेल्या बोंडात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. गरम हवेच्या भट्टीत ते १० टक्क्यांपर्यंत उतरवतात, मग दळून, दाबून गोळ्या पाडतात. १०० किलो सुक्या बोंडांपासून साधारण ९० किलो गोळ्या, म्हणून त्यांचं नाव टी-९०. घरी बिअर करणाऱ्याच्या हाती जगभर बहुतेक हाच माल येतो.

[दृश्य : भिंतीवर जगाचा नकाशा. टाचण्या लावून ताणलेली लाल सुतळी.]

सुतळीचा वरचा पट्टा ३५ ते ५५ उत्तर अक्षांशांचा. अमेरिकेतलं याकिमा खोरं, जर्मनीतलं हालरटाऊ, चेक देशातलं झातेत्स आणि इंग्लंडमधलं केंट त्याच पट्ट्यात येतात. खालच्या पट्ट्यात टास्मानिया आणि न्यूझीलंडमधलं नेल्सन. सांगली आहे १७ अंशांवर. व्यावसायिक हॉप बहुतेक या दोन पट्ट्यांतूनच निघतो, बाकीच्या जगाला तो प्रवास करूनच मिळतो.

[दृश्य : टेबलावर देशोदेशीच्या पुड्या. हात एकेक पुढे सरकवतो.]

ही अमेरिकेतली, २८ ग्रॅमची, म्हणजे एक औंस. आत नायट्रोजन भरलाय. बाहेर हंगामाचं साल आणि आल्फा आम्लाचा, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या आम्लाचा, टक्का. तिथं घरच्या बिअरला केंद्रीय कायद्यानं १९७८ मध्ये मोकळीक दिली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ७५० लिटर. गिऱ्हाईक उघडपणे दुकानात येऊ लागलं तशी छोटी पुडीही आली.

ही ब्रिटनमधली, १०० ग्रॅमची. तिथं घरच्या बिअरचा परवाना १९६३ मध्येच रद्द झाला. फगल आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज या जाती घरच्याच, शरद ऋतूत ताज्या. सिट्रा ही अमेरिकी जात हवी असेल तर ती अटलांटिक ओलांडून येणार, आणि भाव त्याप्रमाणे.

आणि ही न्यूझीलंडची, नेल्सन सॉव्हिन जातीची. दक्षिणेची काढणी मार्चच्या आसपास, उत्तरेची ऑगस्ट-सप्टेंबरात. एप्रिल-मे महिन्यात उत्तरेचा माल सात-आठ महिन्यांचा झालेला असतो, तेव्हा खरेदी करणाऱ्यानं दक्षिणेकडे बघावं. दुकानाच्या फळीवरचा सगळा माल एकाच वयाचा नसतो.

कोणती जात कुठं मिळेल हे मालकीवरही ठरतं. सिट्रा आणि मोझेक या पेटंट घेतलेल्या जाती. करार केलेले शेतकरीच त्या लावतात, लागवडीचे गड्डे बाजारात येत नाहीत. कॅस्केड १९७२ साली अमेरिकी सरकारी संशोधनातून बाहेर पडली, ती कुणीही लावावी. म्हणून ती जर्मनीतही पिकते, न्यूझीलंडमध्येही. घरी बिअर शिकणाऱ्यानं सुरुवात अशाच खुल्या जातीपासून करावी, पुढच्या वर्षीही ती मिळण्याची खात्री जास्त.

[दृश्य : चंदेरी फॉइलचं मोठं पाकीट. कात्री लागते. हवा आत जाते.]

भारतात येणारा माल मुख्यतः ब्रुअरींसाठीचा, ५ किलोच्या फॉइलमध्ये. ५० किंवा १०० ग्रॅमची पुडी अशा पाकिटातून भरली जाते. आतापर्यंत आत ऑक्सिजन नव्हता, कात्री लागल्यापासून आहे. मग कुरिअर, गोदाम, मे महिन्यातली गाडी.

कॅस्केड २० अंश तापमानात सहा महिने राहिला तर त्यातलं जवळपास निम्मं आल्फा आम्ल जातं. मॅग्नमसारखी टिकाऊ जात ८० टक्क्यांहून जास्त राखते.

[दृश्य : वजनकाटा, वही, पेन्सिल.]

हिशोब असा. ग्रॅम गुणिले आल्फा टक्के गुणिले १० गुणिले उतारा (आल्फा आम्लाचा बिअरमध्ये खरोखर उतरणारा हिस्सा), भागिले लिटर. २० लिटर वर्टमध्ये, म्हणजे मोड आलेल्या जवाच्या गोड काढ्यात, ६ टक्के आल्फाचा ४० ग्रॅम हॉप तासभर उकळला, उतारा पाव धरला, तर कडवटपणा येतो ३० आयबीयू (बिअरचा कडवटपणा मोजायचं एकक). तोच हॉप ३ टक्क्यांवर उतरलेला असेल तर १५. मग बिअर गुळमट लागते आणि करणारा माल्टला, यीस्टला, पाण्याला दोष देत बसतो. वजन दुप्पट करून कडवटपणा भरून निघेलही, गेलेला सुगंध परत येणार नाही आणि मोज्याचा वास दुप्पट होईल.

[दृश्य : तासगावजवळची द्राक्षबाग. मांडवाखालून चालणारा कॅमेरा.]

इथंच का लावू नये, हा प्रश्न तासगावच्या बागेत हमखास निघतो. मांडव, तार, छाटणी, सगळं ज्ञान इथं आहे. उंची वाढवता येईल, हॉपला साडेपाच ते सात मीटर लागते. अडतं दिवसाच्या लांबीवर. जूनमध्ये हालरटाऊला दिवस १६ तासांचा, सांगलीत १३ तासांचा. छोट्या दिवसात वेल वाढायच्या आधीच फुलावर येतो, बोंडं मोजकीच लागतात. शिवाय हॉपची सवय थंड हवामानाची. भारतात हॉप पिकला तो हिमाचलात, लाहौलमध्ये, ३००० मीटरच्या आसपास.

[दृश्य : बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज. जाड दार उघडतं, वाफ बाहेर येते. बॉक्सच्या रांगा.]

सांगलीला हे वेगळं सांगायला नको. माल कसा ठेवला यावर भाव ठरतो, हे बेदाण्यानं शिकवलंय, हरिपूरच्या पेवांतल्या हळदीनं त्याआधी शिकवलंय. हॉप विकणाऱ्यानं पुडीवर तीन गोष्टी छापाव्यात : हंगामाचं साल, आल्फा टक्के, भरल्याची तारीख. याला खर्च शाईचा. साल नसेल तर गिऱ्हाइकानं विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर पुडी परत ठेवावी.

[दृश्य : ओट्यावर पातेलं. लिंबू पिळलं जातं.]

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. या पातेल्यात होतंय ते हॉपचं पाणी, बिनसाखरेचं, बिनअल्कोहोलचं. पाच लिटर पाणी उकळून ७५ अंशांवर आणलं. पीएच पट्टी ४ च्या खाली दाखवेपर्यंत लिंबू. हे आधी, कारण पीएच जास्त असताना हॉप टाकला तर तुरट कडूपणा उतरतो. मग ५ ग्रॅम गोळ्या, पंधरा मिनिटं झाकण. दुहेरी फडक्यातून गाळून लगेच फ्रीजमध्ये, हवं तर सोडा मशीनवर गॅस भरून.

[निवेदन थांबतं. फडक्यातून पडणारी हिरवट धार. फक्त आवाज.]

[दृश्य : उरलेल्या गोळ्या फॉइलच्या पुडीत, हवा दाबून काढली जाते, तोंड सील होतं.]

फ्रीजरमध्ये उणे १८ अंश. पुन्हा वापरताना पुडी थंड असतानाच फोडायची नाही, नाहीतर आत दव धरतं आणि गोळ्या फुगतात. अर्धा तास ओट्यावर ठेवायची, मग कात्री. पारदर्शक पिशवी चालत नाही, उजेडही हॉप खराब करतो.

[शेवटचं दृश्य : मार्करनं पुडीवर लिहिणारा हात. कॅस्केड. साल. आल्फा. फोडल्याची तारीख. फ्रीजरचं दार बंद होतं.]