आण्णा आणि एकवीस पानं

(दृश्य : दिव्याची ज्योत. पितळी फुंकणी. फुगलेले गाल.)

ज्योत किती वाकवायची, ते आण्णांचे गाल ठरवतात. तोंडात फुंकणी, उजव्या हातात चिमटा, समोर कोळशाच्या तुकड्यावर नखाएवढं सोन्याचं पान. श्वास नाकानं घ्यायचा आणि गालातली हवा तुटू द्यायची नाही. बघा, झाळ, म्हणजे जोड देणारा धातू, आता पाघळली. कडीच्या बुडाशी पाण्यासारखी पळाली आणि ज्योत लगेच सरळ झाली. आधी थांबलं तर कडी सुटते, उशीर झाला तर पानच वितळतं.

हे चित्रण दोन वर्षांपूर्वीचं, नवरात्राच्या आधीचं. तेव्हा आम्ही कोल्हापुरी साजावर, सोन्याच्या अशा पानांच्या हारावर, फिल्म करायला आलो होतो. ती फिल्म आता आण्णांची, साज घडवणाऱ्या या कारागिराची, झाली आहे.

(दृश्य : गुजरी, सकाळ. शटर वर जाताना.)

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळची ही गुजरी, सराफांचा बाजार. खाली काचेची दुकानं, मखमली मानांवर टांगलेले हार. त्यांच्या मागच्या बोळांत, अरुंद जिन्यांवर आणि माळ्यांवर, कारागीर बसतात. आण्णांची जागा दोन माणसांनी मांडी घातली की भरायची. एक खिडकी, एक शेगडी, एक ऐरण. मांडीवर जाड फडकं असायचं, कानशीचा कीस त्यात पडावा म्हणून.

(दृश्य : फडक्याची गाठ सुटते. काशाचे ठसे एकेक करून मांडले जातात.)

आणि हे ठसे. आण्णांच्या आजोबांपासूनचे. प्रत्येकात एक आकार उलटा, खोलगट कोरलेला. मासा, कासव, शंख, कमळ, चंद्र, बेलपान, नाग, भुंगा, वाघनख. कोल्हापुरी साजात परंपरेनं एकवीस पानं. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचूची, आणि शेवटचं डोरलं. दोन पानांच्या मध्ये जवाच्या दाण्यासारखे जवमणी. कमी पानांचेही साज होतात, पण आण्णा त्यांना ‘अर्धा साज’ म्हणायचे आणि ते घडवताना जरा गप्प असायचे.

पान कसं होतं, ते नीट बघा. हे काम असं सलग बघायला मिळणं आता दुर्मीळ आहे.

(दृश्य : मुशीत सोनं. टाकणखाराची चिमूट.)

सोनं मुशीत वितळलं की वर टाकणखार पडतो. मळ बाजूला होतो आणि सोन्याचा डोळा उघडतो. कारागीर असंच म्हणतात, सोन्याचा डोळा. मग सळई ओतायची, ठोकायची, तापवायची, पुन्हा ठोकायची. ठोकताना सोनं कडक होतं, तापवलं की परत मऊ पडतं. कागदासारखा पत्रा होईपर्यंत हेच चालतं. पत्र्याचा तुकडा ठशावर, त्याच्या वर शिशाचा तुकडा आणि त्यावर हातोडी. शिसं मऊ, ते पत्र्याला ठशाच्या प्रत्येक रेषेत दाबत नेतं. हातोडीचा पहिला घाव आण्णा हलका घालायचे. ‘‘आधी वळख करून द्याची,’’ असं म्हणायचे.

(दृश्य : ठशातून उचललेलं कासव. पाठीवरची नक्षी.)

मग कडा कातरायच्या, कानस मारायची, कडी झाळायची. मागचा पत्रा बसला की आतली पोकळी गरम लाखेनं भरायची. झाळणं आधी, लाख नंतर. हा क्रम मोडला तर आगीनं सगळी लाख बाहेर येते. पातळ पत्रा चेपू नये, थोड्या सोन्यात पान भरीव दिसावं, ही या लाखेची करामत. शेतावर राबणाऱ्या घरातल्या बाईच्या गळ्यातही साज आला, तो या लाखेमुळं. मोडायला गेलं की सराफ लाखेचं वजन वजा करतो, म्हणून पुष्कळ गिऱ्हाइकांना लाख नको असते. आण्णा त्यांना बसवून घ्यायचे, लाख किती आणि सोनं किती ते वेगवेगळं तोलून दाखवायचे. अर्धा तास जायचा. त्या अर्ध्या तासाची मजुरी त्यांना कुणी दिली नाही.

शेवटी रिठ्याच्या पाण्यात ब्रश. फेस काळा होतो आणि खालून पिवळं निघतं.

(दृश्य : जुना कृष्णधवल फोटो. टोपी घातलेले गृहस्थ, शेजारी हाफ पँटमधला मुलगा.)

हा मुलगा म्हणजे आण्णा. शेजारी त्यांचे वडील. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम आला. नवे दागिने 14 कॅरेटच्या वर करायचे नाहीत. चीनशी युद्ध नुकतंच झालं होतं, परकीय चलन आटलं होतं, सोन्याची हाव आणि चोरटी आयात कमी व्हावी असा सरकारचा हेतू होता. पण 14 कॅरेटचं सोनं कडक. ठशावर घातलं की ते रेषा धरत नाही, कडेला चिरतं. गिऱ्हाइकाला त्याचा रंगही पसंत नव्हता. देशभर असंख्य सोनारांचे हात थांबले, काहींनी जीव दिला. आण्णांच्या वडिलांनी ठसे फडक्यात बांधून माळ्यावर टाकले आणि हंगामाला ते गुऱ्हाळावर गेले. चुलवाणाच्या आगीसमोर. 14 कॅरेटची अट पुढं सुटली. 1968 मध्ये मात्र सुवर्ण नियंत्रणाचा कायदाच झाला, तो 1990 मध्ये रद्द होईपर्यंत परवाने आणि वह्या-नोंदी कारागिराच्या मागं होत्या.

सहावीतल्या आण्णांनी त्या काळात माळ्यावर चढून ठसे खाली काढले आणि ओल्या मातीवर उठवून बघितले. मासा, कासव, चंद्र. सोनं नव्हतं, म्हणून शाडू. त्यांचं शिक्षण असं सुरू झालं.

(दृश्य : घर. काकी पाटावर बसून डबा उघडतात.)

आता काकी. आण्णांच्या पत्नी. त्यांच्या हातात आहे तो त्यांचा स्वतःचा साज, आणि या साजाची गोष्ट गुजरीत सगळ्यांना ठाऊक आहे.

कारागिराच्या बैठकीचा केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. त्यात सोन्याचा कण असतो. झारेकरी येतो, केर विकत घेतो, धुतो, गाळतो आणि कण वेगळे करतो. आण्णांचा केर दिवाळीच्या तोंडाला जायचा. त्या पैशातून थोडं सोनं यायचं आणि पाडव्याला काकींच्या हातावर एक पान. काकींच्या शब्दांत ऐका.

(काकी : ‘‘ह्यांनी बोलून कधी दाखवलं न्हाई. ओवाळून झालं की पान हातावर ठेवायचं आन् म्हणायचं, वाढ आता, भूक लागलीया.’’)

काही वर्षी पान आलं नाही. दोन मुलींच्या लग्नांत, 2005 च्या पुरानंतर, थोरल्याला कॉलेजला घातलं तेव्हा. काकींनी विचारलं नाही, आण्णांनीही सांगितलं नाही. शेवटचं डोरलं आलं तेव्हा घरात पहिल्या नातवाचं बारसं होऊन गेलं होतं. साज गाठवला आण्णांनी स्वतः, रात्री, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली.

(दृश्य : मोबाइलवरचं चित्रण. गंगावेश, रात्र. दुधाचे पेले.)

हे नातवानं घेतलेलं चित्रण. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी, फेसाळ दूध पेल्यात आणि आण्णा तिन्ही नातवंडांच्या मिशा पुसताहेत. शनिवारी रात्री हा फेरा ठरलेला. काम कितीही अंगावर असो, शनिवारी शेगडी लवकर विझायची.

शेवटच्या वर्षी श्वास पुरेना, फुंकणी सुटली. गेल्या आषाढात आण्णा गेले.

(दृश्य : पानावरची हॉलमार्कची खूण, जवळून.)

2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, आणि तो हवाच होता. या खुणेत मानक ब्यूरोचं चिन्ह आहे, शुद्धता आहे, सहा अक्षर-अंकांचा क्रमांक आहे. घडवणाऱ्याचं नाव त्यात नाही. बिलावरही नसतं. आण्णांनी घडवलेले साज आज कुणाकुणाच्या गळ्यात आहेत, हे त्या गळ्यांनाही माहीत नाही. साज घ्यायला जाल तेव्हा दुकानात एवढं विचाराच : कुणी घडवला? ओतीव आहे की ठशावरचा? दिसायला दोन्ही सारखे. ठशावरचं पान मात्र बोटांत धरलं की हलकं लागतं आणि त्याची कड हाताला मऊ येते.

(दृश्य : तीच बैठक. एक तरुण फुंकणी तोंडाला लावतो.)

थोरला मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे, चांगल्या नोकरीत. बैठकीवर आता हा बसतो. पश्चिम बंगालच्या मेदिनीपूरहून पोरवयात आला, आण्णांच्या घरी जेवला, त्यांच्याच बोलीत मराठी शिकला. आण्णांना खांदा देणाऱ्यांत तोही होता. शेजारच्या बैठकींवर गॅसची बंदूक आली, त्याच्याकडेही आहे. पण कडी झाळायला तो अजून फुंकणीच घेतो.

ठसे काकींनी त्याच्याकडे दिले. दसऱ्यासाठी एकवीस पानांच्या एका साजाचं काम हाती आहे, सतरा पानं झाली आहेत. कासवाच्या आणि चंद्राच्या ठशाला चीर गेली आहे. काशावर असा ठसा हातानं कोरून देणारा माणूस हवा आहे. कुणाच्या माहितीत असेल तर गुजरीत येऊन सांगा. आण्णांची बैठक विचारली की कुणीही जिना दाखवेल.