गिलाव्याआधीचा फोटो

श्रोतेहो, नमस्कार. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गवंडी, सुतार, रंगारी, वेल्डर, आज तुमच्याशीच बोलायचंय. कारागिरांनी एकत्र येऊन एकमेकांना कामं मिळवून देणारा गट कसा उभा करायचा, हा विषय.

आधी एक भिंत डोळ्यांसमोर आणा. म्हापशाकडचं चिऱ्यांचं घर, न्हाणी नवी करायला घेतलीय. प्लंबरने खाच मारून सीपीव्हीसी पाइप बसवला, सांधे एक दिवस सुकू दिले, हातपंपाने 10 किलो दाब दिला. दोन तास काटा हलला नाही. काम चोख. तो दुसऱ्या साइटवर गेला. दोन दिवसांनी इलेक्ट्रिशियन आला, गीझरच्या पॉइंटसाठी त्याने कटर फिरवला. पाइप कुठून गेलाय हे त्याला सांगायला कोणी नव्हतं. कटरची कड पाइपला लागली, केसाएवढी चीर पडली. टाकीचं पाणी अजून सोडलं नव्हतं, त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही. गवंड्याने गिलावा केला, टाइल्स लागल्या, पलीकडच्या खोलीत रंगाऱ्याने दोन हात मारले. सगळ्यांचे पैसे चुकते झाले.

महिन्याभरात पलीकडचा रंग फुगला. बोलावणं कोणाला? रंगाऱ्याला! त्याने खरवडलं, पुट्टी भरली, पुन्हा रंग दिला. पुन्हा फुगला. मालक म्हणे पावसाची ओल. अहो, ती भिंत आतली, पाऊस तिथे येणार कुठून? शेवटी नव्या टाइल्स फोडल्या तेव्हा चीर सापडली. तोवर सगळ्यांचंच नाव वाड्यावर खराब झालेलं.

ओलीवरून आठवलं म्हणून सांगतो. चांगला चिरा असेल तर बाहेरून दरजा नीट भरा आणि दगड दिसू द्या. त्यावर सिमेंट थापून आपण आपली घरं उगाच ओळखू न येण्यासारखी करतो.

असो. हीच मंडळी एका गटात असती तर? शेवटची खाच मारून झाल्यावर, गिलाव्याच्या आधी, दाबाची चाचणी पुन्हा झाली असती. पुन्हा सांगतो: शेवटची खाच झाल्यावर, गिलाव्याच्या आधी. मग भिंतीला टेप धरून फोटो काढायचा आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. पाच वर्षांनी टॉवेलचा रॉड बसवायला ड्रिल घेऊन येईल त्यालाही तो उपयोगी पडेल. त्या व्हॉट्सॲपवर सुप्रभात आणि फुलं मात्र नकोत, नाहीतर असा फोटो शोधूनही सापडत नाही.

गटात 12 ते 15 माणसं पुरेत, एकाच तालुक्यातली. एका कामाचा एकच माणूस. दोन प्लंबर आले की दोघेही एकमेकांचे दर ऐकत बसतात, आणि बाकीच्यांना काम कोणाला द्यावं हा पेच पडतो. म्हणून, एका कामाचा एकच माणूस. बैठक पंधरा दिवसांनी, संध्याकाळी सातला, तासभर. एक वही ठेवा, चार रकान्यांची: काम कोणी दिलं, कोणाला दिलं, कुठल्या वाड्यावर, पुढे काय झालं. गट मोडतो तो या चौथ्या रकान्यात. नंबर मिळाला आणि चार दिवस फोनच केला नाही, तर ज्याने नाव सुचवलं त्याची मान खाली जाते. फोन 24 तासांत झालाच पाहिजे, जमणार नसेल तर तेवढं सांगायला तरी.

कमिशन अजिबात ठेवू नका. ते शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलात चढतं आणि गिऱ्हाइकाला ते कळतं. काम दिलं, काम घ्या, एवढाच हिशेब.

संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, पण पहिलं वर्ष वहीवर चालवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, मात्र प्रत्येकाने करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटाला पैसे देऊ नका.

सुरुवात मिरगाचा पाऊस लागल्यावर करा. बाहेरची कामं थांबलेली असतात, माणसं सापडतात. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की रंगारी फोनही उचलत नाही. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने कार्डाऐवजी चालू कामाचा एक फोटो आणावा, आणि त्या भिंतीत आपल्या आधी कोणाचा हात लागला, आपल्यानंतर कोणाचा लागणार, तेवढं सांगावं.