टीव्हीची कंपनी का हो?

हे दापोलीजवळचं हरणै बंदर. संध्याकाळचे साडेपाच वाजलेत, वाळूत पापलेट-सुरमईचा लिलाव चाललाय आणि कोणाचं कोणाला ऐकू येत नाहीये. त्यातच एका तांडेलकाकांना (तांडेल म्हणजे होडीचा कप्तान) गाठून विचारलं, काका, भारत इलेक्ट्रॉनिक्स माहितीये का? "टीव्हीची कंपनी का हो?"

आता हसू नका, काका फार चुकले नाहीत.

झालं असं की स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याला साधा वायरलेस सेट हवा तरी परदेशाकडे बघावं लागायचं, म्हणून 1954 साली संरक्षण खात्याने बंगळूरला ही कंपनी काढली, तंत्रज्ञान घेतलं फ्रान्सच्या सीएसएफ कंपनीकडून. 1961 मध्ये इथे रेडिओचे व्हॉल्व बनायला लागले. व्हॉल्व म्हणजे काचेचा छोटा बल्बच, आत तापलेली तार. आजोबांचा रेडिओ लावला की आधी मागच्या जाळीतून लालसर उजेड दिसायचा, सेट तापायचा आणि मग कुठे बातम्या! पुढच्याच वर्षी जर्मेनियमचे सेमीकंडक्टर आले, म्हणजे व्हॉल्वचंच काम करणारे, पण तापायची वाट बघायला न लावणारे इवलेसे भाग. मग 1974 ला गाझियाबादला रडार, पुण्यालाही कारखाना, ते सगळं आहेच. मतदानाला बटण दाबल्यावर बीप करणारी मशीन बनवणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकीही एक हीच.

पण काकांचा टीव्ही? तो आपल्या रायगडात, तळोज्याला. 1986 मध्ये तिथे युनिट निघालं ते चक्क टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेसाठी. पुढे पिक्चर ट्यूबच इतिहासजमा झाली, ते सोडा.

1993 च्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स रायगडातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं, म्हणजे इथून फार लांब नाही. तरी किनाऱ्याला डोळे बसायला 2008 चा मुंबई हल्ला व्हावा लागला, हे मला आजही खटकतं. त्यानंतर पहिल्या टप्प्यात देशभर 46 ठिकाणी रडार आणि कॅमेरे लागले, सिस्टीम याच कंपनीची. बरेचसे बसवले दीपगृहांवर, कारण रडारची लाट जाते जवळपास सरळ आणि समुद्र पुढे वाकत जातो, त्यामुळे पाण्यापासून शंभरेक मीटर उंचीवरून चाळीसेक किलोमीटरपर्यंत दिसतं, खालून दिसणार नाही. अडचण आहे ती छोट्या फायबरच्या होड्यांची, लोखंडी जहाजासारखा त्यांचा इको, म्हणजे आपटून परतणारी रडारची लाट, जोरात परत येत नाही, त्यात लाटा उसळलेल्या असल्या की बघायलाच नको.

हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी टोपी मागे सरकवली, थोडा विचार केला. "म्हणजे आम्ही जाळी कुठं टाकतो ते बंगळूरवाल्यांना दिसतं काय?"

नाही हो काका, ते बघतं कोस्ट गार्ड.

"मग ठीक. त्यांना काय मासे धरायचे नाहीत."