ग्रॅनाइट आणि टेअरिंग

मंडळी, फळ्यावर सात इंग्रजी अक्षरं आहेत: ए, ई, जी, आय, एन, आर, टी. सातही वापरून शब्द करायचा. पुढच्या रांगेतून 'ग्रॅनाइट' आला, बरोबर आहे. त्याच अक्षरांचा 'टेअरिंग' होतो, म्हणजे फाडणं. आणि 'इनग्रेट', म्हणजे कृतघ्न माणूस.

आता हे तिन्ही देवनागरीत एकाखाली एक लिहा. एकाच घरातले वाटतात का? मला वाटतं, आपण अडतो ते इथे. शब्द माहीत नसतात असं नाही. आपण आवाजाच्या मागे जातो. 'रामाला भाला मारा' लहानपणी उलटं वाचलं ना? तेव्हा 'रा', 'मा', 'ला' असे अख्खे तुकडे उचलले, काना कधी सुटा केला नाही. इंग्रजीत स्वर सुटा असतो आणि जागा बदलली की आवाजही बदलतो. ग्रॅनाइटमधला ए 'ॲ' होतो, इनग्रेटमध्ये तोच 'ए', आणि दोन्हींच्या शेवटचा ई तर बोलतच नाही! म्हणून आधी मनातल्या मनात उच्चार करणं थांबवा.

मग हाताने सरकवा. सात वेगळ्या अक्षरांच्या ५,०४० मांडण्या होतात. त्या कुणी करत बसत नाही. आय, एन, जी एकत्र करून उजव्या टोकाला न्या. उरली चार अक्षरं, त्यांच्या मांडण्या फक्त २४. त्यांत 'टेअर' चटकन दिसतो. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरं लिहिलेल्या चौकोनी तुकड्यांनी (टाइल्सनी) शब्द जुळवायचा खेळ. तो खेळणारे टाइल्स सारख्या हलवतात ते याचसाठी. (न्यूयॉर्कचे आर्किटेक्ट आल्फ्रेड बट्स यांनी मंदीत नोकरी गेल्यावर हा खेळ रचला. वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून त्यांनी १०० टाइल्समध्ये ई १२ ठेवले, क्यू एकच. त्या मोजणीचं मला फार कौतुक आहे.)

फळ्यावरचा क्रमही मुद्दाम ठेवला आहे, तो वर्णमालेचा आहे. ग्रॅनाइट, टेअरिंग, इनग्रेट, कुठल्याही शब्दाची अक्षरं अशी लावली की एकच ओळ मिळते. खेळाडू तिला 'अल्फाग्राम' म्हणतात. संगणकाला शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अशी ओळ आधीच करून दिली, की फळ्यावरची अक्षरं त्याच क्रमाने लावून तो थेट जुळणाऱ्या शब्दांपाशी पोचतो. छोटे शब्दही हवे असतील तर एक ते सात अक्षरांच्या सगळ्या मांडण्या १३,६९९ होतात. पण क्रम ठरलेला असला की प्रत्येक अक्षर घ्यायचं की सोडायचं एवढंच उरतं: १२७ निवडी, संपलं. इतकी साधी युक्ती, आणि इतकी सुंदर!

आता जी पुसतो, पी लिहितो. आय-एन-जी गेलं. आर आणि ई सुरुवातीला ठेवून पाहा. शब्द सापडला की तीच दोन अक्षरं उलटी करून शेवटी न्या, दुसरा मिळेल. तिसराही आहे, तो तुम्ही शोधा.